डबल-एमधला पोरगा रोस्टरवरून गायब झाला, आता शोधायचा कुठे?

सूरसागर_काठचा

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजार, वय ६३, बँकेतून रिटायर. बेसबॉलशी माझा संबंध गेल्या जूनपर्यंत शून्य होता हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी हसलात तरी हरकत नाही. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्याकडे तीन महिने गेलो होतो आणि घरात बसून बसून कंटाळलो म्हणून जावई एका संध्याकाळी ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सची, म्हणजे न्यूयॉर्क यँकीजच्या खालच्या टीमची, मॅच बघायला घेऊन गेला. छोटंसं स्टेडियम, बाजूलाच रेल्वे स्टेशन, मधेच गाडी जाते, लोक पोरंबाळं घेऊन आलेले, आणि मला एकदम आपल्या मोतीबागेची आठवण आली, जुन्या दिवसात आम्ही रणजीच्या मॅचला डबा घेऊन जायचो तसं.

तर त्या मॅचमधे एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) बघितला. नाव मुद्दाम लिहीत नाही, दृष्ट लागते. वीस वर्षांचा छोकरा, मिसरूड नीट फुटलेलं नाही, पण डावीकडे झेपावून बॉल अडवला आणि गुडघ्यावरूनच असा फेकला की मी खुर्चीतून उठलो. मी स्वतः क्लब क्रिकेट खेळलोय, पॉइंटला उभा राहायचो, मला फील्डिंग कळते. त्या दिवसापासून त्याच्या मागेच लागलो. तिकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला मॅच सुरू होते म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, मी तसाही त्या वेळेला उठलेलाच असतो, चहा ठेवतो आणि फोनवर बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा स्कोअरकार्ड, बघतो. बायको म्हणते देवाचं नाव घ्यायच्या वेळी हे काय.

आता प्रॉब्लेम असा की गेले पाच-सहा दिवस त्याचं नाव बॉक्स स्कोअरमधे नाही आणि काल बघितलं तर रोस्टरवरूनच, म्हणजे टीमच्या यादीवरूनच, गेलंय. लागलं का त्याला? काढून टाकला? वर गेला? न्यूयॉर्कच्या यादीत तर नाही. जावयाला विचारलं तर तो म्हणाला बाबा मी फुटबॉल बघतो. इथे कोणी हे फॉलो करतं का, आणि करत असाल तर कसं करता, कारण मला बॅटिंग अ‍ॅव्हरेजच्या पलीकडे काही कळत नाही.

मांजलपूरकर

काका आधी एक श्वास घ्या. रोस्टरवर नाव नाही म्हणजे घरी पाठवला असं अजिबात नाही. मी दहा-बारा वर्षं हे वेड पोसतोय, बडोद्यात मला वाटायचं मी एकटाच आहे.

टीमच्या पानावर ट्रान्झॅक्शन्स म्हणून एक भाग असतो, तिथे तारखेवार सगळं येतं. बॉक्स स्कोअरच्या आधी ते बघायची सवय लावा, तुमच्या बँकेत कसं आधी पासबुक मग बाकी गप्पा, तसं. तिथे तुमच्या पोराच्या नावापुढे काय लिहिलंय ते सांगा. वर ट्रिपल-एला गेला असेल तर तो न्यूयॉर्कच्या यादीत दिसणारच नाही, स्क्रॅन्टनला बघा. यँकीजची शिडी अशी आहे: खाली टँपा, मग हडसन व्हॅली, मग तुमचं सॉमरसेट, मग स्क्रॅन्टन आणि मग न्यूयॉर्क. सॉमरसेट म्हणजे डबल-ए, चारातली तिसरी पायरी. प्रत्येक मेजर लीग (सगळ्यात वरची लीग) टीमच्या खाली अशा चार टीम, ३० गुणिले ४ म्हणजे १२० टीम झाल्या. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आहेत, डॉमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग आहे, तिथली पोरं तर सोळा-सतराची.

लागलं असेल तर सात दिवसांची इंज्युअर्ड लिस्ट असं दिसेल. आणि अजून एक डेव्हलपमेंट लिस्ट म्हणून भानगड २०२१ पासून आहे, ती बघून लोक उगाच घाबरतात.

सेवउसळ_तिखट_जास्त

काका रागावू नका पण बडोद्यात राहून बेसबॉल?? हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची पार्टनरशिप केली ते गाव आहे हे 😀 तेही होळकर टीमच्या विरुद्ध, फायनलमधे. इंदूरवाले अजून विसरले नसतील.

बाकी आपला एक रिंकू सिंग गेला होता ने अमेरिकेत? बेसबॉल खेळायला?

मांजलपूरकर

हो पण क्रिकेटवाला रिंकू वेगळा, लोक दोघांची खिचडी करतात. हा भालाफेकवाला. २००८ मधे एका रिअ‍ॅलिटी शोतून तो आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघेही यूपीचे, आयुष्यात कधी बेसबॉल हातात धरला नव्हता, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना साइन केलं. दिनेश २०१० ला सुटला. रिंकू सिंगल-एपर्यंत (डबल-एच्या खालच्या पायऱ्या) चढला, मग दुखापती, आणि पुढे कुस्तीच्या शोमधे गेला. मेजर लीग दोघांनाही मिळाली नाही. पण भाल्यावरून सरळ प्रोफेशनल पिचिंगला जाऊन सिंगल-ए गाठणं ही काय खायची गोष्ट नाही, लोक फक्त शेवट बघतात.

एडिसनला_अडकलेली

काका!! मी मूळची रावपुऱ्याची, अकरा वर्षं झाली इकडे, आणि ब्रिजवॉटरच्या त्या ग्राउंडवर वर्षाला पंधरावीस मॅच तरी बघते. तुमची पोस्ट वाचून एकदम भरून आलं, त्या जाणाऱ्या ट्रेनबद्दल मी आईला फोनवर सांगते तेव्हा ती म्हणते असू दे, जेवलीस का.

तुम्हाला थोडं जुनं सांगते. २०२० पर्यंत सॉमरसेटची टीम कोणाच्याच खाली नव्हती, इंडिपेंडंट लीगमधे होती, तिथे बहुतेक सगळे दुसऱ्यांनी सोडून दिलेले खेळाडू, वय झालेले, शेवटचा चान्स बघणारे. २०२१ ला मेजर लीगवाल्यांनी सगळी मायनर (मेजर लीगच्या खालची) व्यवस्था उलटीपालटी केली, १६० टीमच्या १२० केल्या, कित्येक छोट्या गावांची टीमच गेली, आणि त्याच घुसळणीत आमची यँकीजची डबल-ए झाली. म्हणजे आमची लॉटरी लागली आणि ट्रेंटनवाल्यांची टीम गेली, त्या लोकांचं मला अजून वाईट वाटतं.

मग २०२२ ला अँथनी व्होल्पी आला. तो याच भागात वाढलेला पोरगा, शॉर्टस्टॉपच. सुरुवातीचे आठवडे इतकं खराब खेळला की माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ रोज म्हणायचे, फुकटचं कौतुक आहे. सीझन संपेपर्यंत तो स्क्रॅन्टनला पोचला होता आणि पुढच्या वर्षी, २१ वर्षांचा असताना, ओपनिंग डेला न्यूयॉर्कचा शॉर्टस्टॉप. ते गृहस्थ आता सांगतात मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

जॅसन डोमिंगेझची गोष्ट तर अजून. डॉमिनिकनमधून १६ व्या वर्षी ५१ लाख डॉलरला साइन केलेला, टोपणनाव मार्शियन म्हणजे मंगळावरचा. २०२३ चा बहुतेक सीझन आमच्याकडेच होता, मग जेमतेम नऊ मॅच स्क्रॅन्टनला आणि १ सप्टेंबरला डायरेक्ट मेजर लीग, पहिल्याच अ‍ॅट-बॅटला, म्हणजे बॅटिंगच्या पाळीला, जस्टिन व्हरलँडर या पिचरला होम रन मारला! मी घरात ओरडले तर पोरगी उठून रडायला लागली. आठ मॅचमधे चार होम रन, आणि आठ मॅचनंतरच कोपराचं लिगामेंट फाटलं, टॉमी जॉन सर्जरी, सीझन खलास. तेव्हा कळलं की वर पोचणं ही एक गोष्ट आहे आणि वर टिकणं वेगळी.

आणि एक सांगू, ज्यांची खरी सवय लागते ते हे मोठ्या नावाचे नसतातच. २०२२ ला आम्ही ईस्टर्न लीग जिंकलो ती शेवटची मॅच नो-हिटर होती, रँडी व्हास्केझनी आठ इनिंग टाकल्या, समोरच्यांना एक हिट नाही. आम्ही सगळे म्हणालो हा आपला. डिसेंबर २०२३ ला यँकीजनी वान सोटोला आणायला पाच जण सॅन डिएगोला दिले त्यात हा पण गेला. त्यातच ड्रू थॉर्प होता, तोही आमच्याकडे खेळलेला, त्याला तर सॅन डिएगोनी तीन महिन्यात शिकागोला देऊन टाकलं. म्हणजे प्रॉस्पेक्ट (पुढे चमकेल असं वाटणारा पोरगा) हा घरातला सोन्याचा दागिना आहे, घालायला म्हणून घेतात आणि अडचणीत मोडतात. तुमचा पोरगा ट्रेडमधे गेला असेल तर दुसऱ्याच टीमच्या पानावर सापडेल, तेही बघा.

सूरसागर_काठचा

मांजलपूरकर, ताई, दोघांचे आभार. ट्रान्झॅक्शन्स बघितलं. तुम्ही म्हणालात तीच डेव्हलपमेंट लिस्ट आहे! आता ही म्हणजे शिक्षा का? खरं सांगायचं तर बॅट चालत नव्हती त्याची, अ‍ॅव्हरेज दोनशेतीसच्या (.२३०, म्हणजे शंभरात तेवीस हिट) आसपास. आमच्या वेळी असं असलं की सिलेक्टर सरळ सांगायचे की घरी जा आणि नेट्स कर.

ताई, व्होल्पीचं वाचून जरा धीर आला. त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांसारखे बडोद्यात पण भरपूर आहेत, पठाणबंधूंना मी मांडवीत गल्लीत खेळताना बघितलं होतं असं सांगणारे मला निदान चाळीस भेटलेत.

मांजलपूरकर

शिक्षा नाही हो. उलट नेट्सच आहे ते, तुम्ही म्हणालात तसं. पोरगा टीमबरोबरच असतो किंवा फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्सला जातो, मॅच खेळत नाही, पायाचं टायमिंग, हाताची पोझिशन, जे काय बदलायचं असेल ते बदलतात, आणि त्या वेळात त्याची जागा दुसऱ्याला देता येते. पिचर असेल तर नुसती विश्रांतीसुद्धा असते. दुखापत नाही हे महत्त्वाचं.

आता दोनशेतीसबद्दल, हे जरा लांब लिहितो कारण माझी पहिली तीन वर्षं याच्यात वाया गेली.

अ‍ॅव्हरेज बघणं सोडा. म्हणजे बघा पण शेवटी बघा. पहिला प्रश्न वय. तुमचा पोरगा २० चा आहे आणि डबल-एमधे आहे, तिथे बरेचसे २३-२४ चे असतात, कॉलेज करून आलेले. म्हणजे अकरावीतला मुलगा एमएस युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाच्या पेपरला बसलाय, त्याला साठ टक्के पडले तर तुम्ही रडाल का पेढे वाटाल? हेच दोनशेतीस जर २६ वर्षांचा मारत असेल, आणि त्याच पायरीवर दुसरं वर्ष असेल, तर मग मात्र गोष्ट अवघड आहे.

दुसरं म्हणजे स्ट्राइकआउट आणि वॉक. दर शंभर वेळा प्लेटवर आला तर किती वेळा हात हलवत परत गेला आणि किती वेळा चार बॉल सोडून फुकट बेस घेतला. हे दोन आकडे नशिबावर कमी चालतात. जोरात मारलेला बॉल सरळ फील्डरच्या हातात गेला तर अ‍ॅव्हरेज पडतो, पण बॉल सोडण्याची अक्कल पडत नाही. डबल-ए ही पायरी याच कारणाने प्रसिद्ध आहे (किंवा बदनाम), खालच्या लेव्हलला पिचर जोरात टाकतात पण कुठे टाकतील त्यांनाच माहीत नसतं, इथे पहिल्यांदा असे पिचर भेटतात ज्यांना कुठे टाकायचं ते कळतं आणि जे बॉलच्या मोजणीत मागे पडल्यावरसुद्धा ब्रेकिंग बॉल (वळणारा बॉल) टाकायची हिंमत करतात. कित्येक पोरं इथेच अडकतात. उलट जो इथे तगला त्याला कधी कधी ट्रिपल-ए न दाखवताच वर नेतात.

तिसरं, ग्राउंड. पॅसिफिक कोस्ट लीगमधे अल्बुकर्की, रीनो अशी उंचावरची, कोरड्या हवेची गावं आहेत, तिथे बॉल उडतो, तिथल्या बॅटिंगच्या आकड्यांना मी सरळ डिस्काउंट मारतो. तुमच्या ईस्टर्न लीगमधे एप्रिलमधे थंडीने बोटं गोठतात, तिथले एप्रिलचे आकडे बघून कोणाचं भविष्य ठरवू नये.

आणि हो, मॅच मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सलग सहा, सोमवारी सुट्टी. म्हणजे आपल्या मंगळवारी पहाटे तुम्हाला काहीच दिसणार नाही, त्या दिवशी काकूंबरोबर चहा प्या.

फावल्या_वेळेचा_एक्सपर्ट

एवढं कशाला डोकं लावायचं, टॉप १०० प्रॉस्पेक्टची लिस्ट येते ती बघायची, त्यात नाव असेल तर पोचणार नसेल तर नाही. ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या राउंडला ज्याला करोडो दिले त्याला टीम बसवून ठेवणार आहे का? जिथे पैसा तिथे चान्स, आपल्याकडे पण तेच चालतं.

मांजलपूरकर

पैसा तिथे चान्स जास्त, हे शंभर टक्के खरं. पहिल्या राउंडवाल्याला पाच वेळा पडायची परवानगी असते, विसाव्या राउंडवाल्याला एकदाच. पण "पोचणार" म्हणत असाल तर ब्रायन टेलर बघा, १९९१ चा पहिल्या नंबरचा पिक, यँकीजचाच, साडेपंधरा लाख डॉलर त्या काळात, १९९३ ला एका मारामारीत खांदा गेला आणि मेजर लीगची एक मॅच नाही. मार्क अपेल, २०१३ चा पहिला नंबर, २०१८ ला खेळच सोडून घरी बसला, २०२१ ला परत आला आणि जून २०२२ ला फिलाडेल्फियाकडून पहिली मॅच खेळला, ३० वर्षांचा होऊन. दुसऱ्या बाजूला माइक पियाझा, १९८८ ला ६२ व्या राउंडला, १३९० वा नंबर, तो पण ओळखीने घेतलेला, आणि आज हॉल ऑफ फेममधे आहे. आता तर ड्राफ्टच २० राउंडचा आहे, आजच्या काळात पियाझाला कोणी घेतलाच नसता.

एडिसनला_अडकलेली

आणि लिस्टमधे पहिला असला तरी रस्ता सरळ असतो असं नाही हो. जॅक्सन हॉलिडे, सगळ्या लिस्टमधे एक नंबर, एप्रिल २०२४ ला बाल्टिमोरनी वर आणला, ३४ अ‍ॅट-बॅटमधे दोन हिट, दोन! परत ट्रिपल-ए. जुलैच्या शेवटच्या दिवशी परत आला आणि ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला. वीस वर्षांचं पोर, सगळ्या देशासमोर नापास होऊन परत येतं.

उलटं उदाहरण तोच सोटो, २०१८ चा सीझन सिंगल-एमधे सुरू केला आणि २० मेला मेजर लीगमधे, मधल्या तीन पायऱ्या मिळून चाळीस मॅच पण नाहीत. पण सोटो एकच असतो.

पैशाचं निघालंय म्हणून सांगते, २०२२ पर्यंत डबल-एवाल्याचा वर्षाचा किमान पगार १३,८०० डॉलर होता. न्यू जर्सीत त्या पैशात गॅरेज भाड्याने मिळत नाही. पोरं सहा-सहा जण एका फ्लॅटमधे, हवा भरायच्या गाद्यांवर झोपायची. २०२३ ला पहिल्यांदा त्यांच्या युनियनचा करार झाला तेव्हा ३०,२५० झाला. त्याच वर्षी वरचा, मेजर लीगचा किमान आकडा ७,२०,००० होता. ब्रिजवॉटर ते यँकी स्टेडियम गाडीने तासभर, एवढंच अंतर आहे.

सेवउसळ_तिखट_जास्त

ओह. हे माहीत नव्हतं. मला वाटलं अमेरिकेत खेळतात म्हणजे सगळे मालामाल.

एक डाउट, मग चांगला खेळत असेल तर लगेच वर का नाही घेत? आपल्याकडे इरफानला १९ व्या वर्षी अ‍ॅडलेडला उतरवलाच ने.

मांजलपूरकर

कधी तयार नसतो म्हणून, आणि कधी हिशोबासाठी. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस काढले की सर्व्हिसचं एक वर्ष भरतं, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या टीमकडे जाऊ शकतो. २०१५ ला शिकागो कब्सनी क्रिस ब्रायंटला सीझन सुरू झाल्यावर दीडेक आठवड्याने, १७ एप्रिलला वर आणला, त्याचे त्या वर्षी भरले १७१ दिवस. एक दिवस कमी! टीमला तो अख्खं एक वर्ष जास्त मिळाला. टीम म्हणाली फील्डिंगवर काम चालू होतं. तो भांडायला गेला आणि २०२० ला केस हरला. २०२२ पासून नियम थोडा बदललाय, टॉपच्या पोराला पहिल्या दिवसापासून वर ठेवला आणि तो बक्षिसाच्या मतदानात वर आला तर टीमला ड्राफ्टमधे एक जादा पिक मिळतो. म्हणून आता असले खेळ जरा कमी दिसतात. बंद झालेले नाहीत.

सूरसागर_काठचा

मंडळी दोन आठवड्यांनी परत लिहितोय. सगळं वाचून मी एक वही केली आहे, जुन्या लेजरसारखी, रकाने पाडून: तारीख, वॉक, स्ट्राइकआउट, एरर. अ‍ॅव्हरेजचा रकाना ठेवलेला नाही, मांजलपूरकरांची आज्ञा. बायकोने वही बघितली आणि म्हणाली घरखर्च कधी इतक्या नीट लिहिला नाहीत.

डेव्हलपमेंट लिस्टवरून परवा काढला त्याला. आज पहाटे खेळला. तीन वेळा आउट, एक वॉक. ताई तुम्ही ग्राउंडवर होतात का? पाय बदललाय का त्याचा, पुढचा पाय आधी खूप उचलायचा, मी मॅचला बघितला होता.

एडिसनला_अडकलेली

होते होते, तुमच्यासाठीच गेले! मला पायाचं एवढं कळत नाही पण आता तो टाच जेमतेम उचलतो. तीन आउटमधला एक सेंटर फील्डच्या भिंतीपाशी पकडला, फूटभर राहिला. आणि सातव्या इनिंगला शॉर्टवरून डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) केला तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलाच असतात.

काका आता तरी नाव सांगा ना, पाठीवरचा नंबर बघून मला कळलंय पण तुमच्याकडून ऐकायचंय.

सूरसागर_काठचा

नाही सांगणार. ट्रिपल-एला गेला की सांगतो. टाचेचं वहीत लिहून ठेवतो.